रामबाईच्या हातून सुटला

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरी रामबाई उईके आली, ती माझ्या आईला उठवायला-बसवायला कुणीतरी हवं होतं म्हणून. आईचं दुखणं लांबलं होतं. मी पुण्याला नोकरीत, बाबा नुकतेच निवृत्त झालेले आणि स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले. रामबाई आली तेव्हा पन्नाशीची असेल. अंगानं एवढीशी, जेमतेम पंचेचाळीस किलोची. पण आईला पाठीशी हात घालून उचलायची तेव्हा आई म्हणायची, हिच्या हाताला भरवसा आहे.

तळेगाव श्यामजी पंतच्या पुढे, जंगलाच्या कडेला वीस-पंचवीस घरांची गोंडांची वस्ती आहे, ती तिथली. नवरा मंगरू वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होता, तो तापानं गेला. मुलगा दुर्गेश, सून, एक नात, सगळे गावातच. सुनेशी भांडण नव्हतं. हातपाय चालून राह्यले तोवर आपलं आपण करावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आई गेली आणि रामबाई राहिली. बाबांच्या दोन वेळच्या पोळ्या, चहा, अंगणातली झाडं, मागच्या खोलीत तिची खाट. घरात दोन माणसं होती आणि दिवसभरात दोघांमध्ये दहा वाक्यंही होत नसतील. बाबा, म्हणजे मधुकरराव, पेपर वाचायचे. रामबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडायची.

दोन हजार अठरा साली मी एक चूक केली. पुण्यात आम्ही तिघी मैत्रिणी फ्लॅटमध्ये राहायचो आणि मी हौसेनं ग्रेट डेन जातीचं पिल्लू आणलं. आणलं तेव्हा ते मांडीवर मावत होतं. पाच महिन्यांत जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकायला लागलं. सोसायटीनं पत्र दिलं, मैत्रिणींनी हात जोडले. मी त्याला गाडीत घालून वर्ध्याला आणलं आणि बाबांना म्हणाले, महिनाभर ठेवा, मी काहीतरी व्यवस्था करते. त्या महिन्याची पाच वर्षं झाली.

रामबाईला कुत्र्यांचं कौतुक नव्हतं. तिच्या गावात कुत्री अंगणात पडलेली असत, त्यांना कुणी नाव ठेवत नसे. फाटकातून हा आत आला तेव्हा ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "हा तं गोऱ्हा आहे." मी त्याचं नाव ऑस्कर ठेवलं होतं. ते तिच्या जिभेवर बसेना. तिनं आसकरन केलं. वर्षभरात बाबाही आसकरन म्हणायला लागले आणि फोनवर मीसुद्धा.

कुत्रा मी आणलेला, पण सांभाळला तो तिनं. मे महिन्यात वर्ध्याला शेहेचाळीस डिग्री असताना ती पोतं ओलं करून त्याच्याखाली घालायची आणि कूलरचं तोंड बाबांच्या खोलीकडून थोडं त्याच्याकडे वळवायची. त्याच्यासाठी वेगळी पातेली, वेगळा भात. त्याच्याशी ती गोंडीत बोलायची. आमच्या घरात ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि इतक्या वर्षांत आम्हीही कधी विचारलं नव्हतं. आसकरनला मात्र समजायची. बस, ऊठ, थांब, इकडे ये, सगळं तो तिच्या भाषेत ऐकायचा. मी मराठीत बस म्हटलं तर माझ्याकडे पाहत उभा राहायचा.

चार वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या मागच्या पायात दुखणं सुरू झालं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होतं तसं, खुब्याचं. नागपूरला एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे दीड-दोन महिन्यांनी न्यावं लागे. बाबा हळूहळू गाडी चालवत. मागच्या पूर्ण सीटवर आसकरन, आणि त्याच्या आणि दाराच्या मधल्या वीतभर जागेत रामबाई. तिनं एक पाय पुढच्या सीटला टेकवलेला असायचा आणि दोन्ही हातांनी त्याचा गळपट्टा धरलेला. सव्वा-दीड तास ती तशी बसायची. स्वतःला सीटबेल्ट लावत नसे, कारण बेल्ट लावला की त्याच्याकडे वळता येत नाही. अठ्ठावन्न किलोचा कुत्रा आणि त्याला धरून बसलेली पंचेचाळीस किलोची बाई. आम्हाला कुणालाच त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते डॉक्टरीणबाईंना. एकदा त्यांनी खिडकीतून या तिघांना गाडीतून उतरताना पाहिलं आणि बाबांना विचारलं की याला गाडीत बांधता की नाही. बाबा म्हणाले, रामबाई धरते ना त्याला. त्यावर त्यांनी बाबांना चांगलंच सुनावलं. गाडी साठच्या वेगात असताना एकदम थांबली तर हा साठच्याच वेगात पुढे जाईल, माणसाच्या हातांनी अडवला जाणारा हा जीव नाही. गळपट्ट्याला बांधू नका, मान मोडेल. छातीभोवतीचा पट्टा घ्या आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवा. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. कुठंही थांबलात, काहीही झालं, तरी आधी साखळी हातात घ्यायची आणि मग दार उघडायचं. अपघातातून वाचलेली कुत्री घाबरून उघड्या दारातून पळतात आणि रस्त्यावर मरतात, अशी त्यांनी स्वतः पाहिली होती.

बाबांनी संध्याकाळी फोनवर मला हे सगळं सांगितलं, थोडं हसत, थोडं चिडत. मी लगेच छातीचा पट्टा मागवून घरी पाठवला. बाबांनी एकदा घालून पाहिला. आसकरननं पाय आखडले, बाबांची कंबर धरली, कुठला पट्टा कुठून घालायचा ते कळेना. पट्टा परत पिशवीत गेला आणि पिशवी कपाटात. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

रामबाईनं काढला. एरवी ती फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. त्या वेळी तिनं बाबांकडून फोन मागून घेतला आणि मला म्हणाली, ताई, तो पट्टा कसा बांधाचा ते सांगून द्या. मी म्हणाले, असं फोनवर नाही कळणार रामबाई, आले की दाखवते. त्यानंतर मी दोनदा येऊन गेले. दाखवला नाही. लक्षातच राहिलं नाही, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं तर दोन्ही वेळा मला आठवलं होतं. कंटाळा केला होता.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात मी दसऱ्याला घरी आले. सणाच्या दोन दिवस आधी नागपूरची वेळ घेतलेली होती, अकराची. बाबांना आता लांबवर गाडी चालवायला नको वाटायचं, म्हणून मी चालवणार होते. सकाळी रामबाईनं कपाटातून ती पिशवी काढली आणि गाडीच्या बॉनेटवर आणून ठेवली.

"ताई, आज तुम्ही आहा तं बांधून द्या," ती म्हणाली.

मी पट्टा काढला. आसकरनच्या अंगावर घातला. मागवला तेव्हापेक्षा कुत्रा अंगानं भरला होता, छातीचं बक्कल लागेना. पट्टे सैल करायला हवे होते. फार तर पाच-सात मिनिटांचं काम. साडेनऊ होऊन गेले होते. बाबा गाडीत बसून घड्याळ पाहत होते. मी पट्टा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, राहू द्या, परत आल्यावर निवांत पाहू.

ती पिशवी घरात ठेवून आली, कुलूप लावलं, मागे बसली, पाय पुढच्या सीटला टेकवला.

सेलू मागे पडलं. केळझर यायचं होतं. सोयाबीन काढणीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत ढीग लागलेले. मी जोरात चालवत नव्हते, पण हळूही नव्हते. डावीकडच्या पांदणीतून मळणीयंत्र ओढत एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन त्या यंत्राच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. फार जोरात नाही. म्हणजे बाबांना बेल्टचा वळ उठला आणि माझ्या तोंडावर एअरबॅग फुटली, एवढंच.

आसकरन दोन सीटांच्या मधून पुढे आला. त्याचा खांदा गिअरवर आदळला आणि त्याचं सगळं वजन माझ्या आणि बाबांच्या मध्ये कोसळलं. तो ओरडत होता. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. रामबाई त्याच्यामागे ओढली जाऊन सीटांच्या मधल्या फटीत छातीपर्यंत अडकली होती, कारण तिनं गळपट्टा सोडला नव्हता. गळपट्टा पिळला गेला होता आणि तिची बोटं त्यात होती.

एअरबॅग फुटल्यावर गाडीत पांढरी भुकटी उडते. मला तो धूर वाटला. मला वाटलं, गाडी पेटली. मी दाराची कडी शोधायला लागले.

"दार नका उघडू ताई," मागून रामबाई म्हणाली. ओरडली नाही. दम लागला होता तिला. "दार नका उघडू, मले हात सोडवू द्या."

मी हे ऐकलं होतं. यातला प्रत्येक शब्द मला नीट ऐकू आला होता. आणि मी दार उघडलं.

तो माझ्या मांडीवरून बाहेर गेला. एका पायानं लंगडत, पण वेगात. समोरून मुरूम भरलेला टिप्पर येत होता. त्याच्या चालकानं गाडी बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, हे मला नंतर आठवलं.

तो लगेच गेला नाही. तीन-चार मिनिटं होता. रामबाई कशी बाहेर आली कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती डांबरावर बसलेली होती, त्याचं डोकं तिच्या लुगड्यात होतं आणि डावा हात तिनं पोटाशी धरला होता. मधलं आणि करंगळीजवळचं बोट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. ती त्याच्याशी तिच्या भाषेत बोलत होती, घरी दुपारी बोलायची त्याच आवाजात.

बाबा उतरले. त्यांनी दाराकडे पाहिलं नव्हतं. ते डोळे मिटून डोकं धरून बसलेले असताना हे घडलं होतं. त्यांनी रामबाईला विचारलं, "सोडलं काऊन तुम्ही त्याले?"

बाबा एरवी घरात असं बोलत नसत. त्यांच्या लहानपणीची बोली होती ती, आर्वीकडची.

"मी नाई सोडलं," रामबाई म्हणाली.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला आणि कुणाला तरी लावायला लागले.

लोक जमले. शेजारच्या शेतातले नानाजी नावाचे म्हातारे फावडं घेऊन आले आणि म्हणाले, माझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, जागा आहे, रस्त्यावर नका ठेवू याले. बाबा त्यांच्याबरोबर थांबले. मी रामबाईला कुणाच्या तरी गाडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, त्याले उन्हात तं नाई ठेवलं? मी नाही म्हणाले. प्लास्टर घातलं तेव्हा दुपार झाली होती. आसकरनला पुरताना ती नव्हती, आणि कुठं पुरलं हे तिला आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. आम्हाला ते सुचलंच नाही.

त्या संध्याकाळपासून बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते: रामबाईच्या हातून सुटला. ते वाईट बुद्धीनं म्हणत नव्हते. त्यांना तेवढंच माहीत होतं. येणारे लोक हळहळत. एवढा मोठा जीव बाईमाणसाच्या हाताला कसा आवरावा, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, जरा घट्ट धरायला पाहिजे होतं. रामबाई आतल्या खोलीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली असे, आणि आमचं घर एवढं मोठं नाही की आत ऐकू जाऊ नये.

मी बाहेरच्या खोलीत बसले होते. पाहुण्यांना पाणी देत होते. चार दिवसांनी पुण्याला परत गेले.

दिवाळीच्या आधी रामबाई गेली. बाबांनी फोनवर सांगितलं की प्लास्टर निघालं, बोटं नीट वळत नाहीत, पोळी लाटता येत नाही म्हणून गावी जाते म्हणाली. मी थांबवलं नाही, बाबा म्हणाले. मग म्हणाले, खरं सांगू का, ती समोर आली की मला तो रस्ता दिसतो.

मी पुण्यात कामावर जात होते, जेवत होते, झोपतही होते. माणूस असं राहू शकतो. फक्त गाडीत बसले की दाराच्या कडीला हात लावताना मला रामबाईचं ते दार नका उघडू ऐकू यायचं. मंजुषा माझ्या ऑफिसात आहे. तिच्याकडे लॅब्रेडोर आहे. एकदा तिनं मला घरी सोडताना तो मागे होता, छातीला पट्टा, पट्टा खाचेत अडकवलेला. माझ्या दारात गाडी थांबल्यावर तिनं आधी हात मागे नेऊन त्याची साखळी मनगटाला गुंडाळली आणि मग मला म्हणाली, हं, आता उघड. अगदी सहज. मी दार उघडलं नाही. मला उतरताच येईना. ती विचारत राहिली काय झालं, आणि त्या गाडीत बसून मी पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं.

मंजुषानं माझं सांत्वन केलं नाही. ती म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग?

मे महिन्यात मी घरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या समोर बसून सांगितलं की दार मी उघडलं. तिनं नको म्हटलं होतं, मी ऐकलं होतं, तरी उघडलं. बांधायचा पट्टाही तिनंच आणून दिला होता, ते तुम्ही पाहिलंच होतं.

मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"मी तिले काय काय बोललो," ते म्हणाले. "तिच्या तोंडावर नाई बोललो. पन तिले ऐकू जाईन असं बोललो."

त्यांना माझ्याबरोबर यायचं नव्हतं. कोणत्या तोंडानं येऊ, म्हणाले. मी एकटी तळेगावला गेले आणि तिथून विचारत विचारत वस्तीवर.

दुपारची वेळ होती. दुर्गेशच्या घरापुढे मांडवाखाली रामबाई बसली होती. मोह वाळत घातलेला होता आणि ती उजव्या हातानं तो पसरत होती. डावा हात मांडीवर. ती दोन बोटं सरळच राहिली होती, ताठ. मला पाहून तिनं पदर सारखा केला. सुनेला पाणी आणायला सांगितलं. बाबूजी कसे आहेत, विचारलं. जेवतात का, विचारलं.

मी पाठ केल्यासारखं बोलले. दार मी उघडलं, लोकांना खरं सांगितलं नाही, बाबांनाही सांगितलं नाही, तुमच्यावर येऊ दिलं. आता बाबांना सांगितलंय. तुम्ही मला माफ करा. हे म्हणताना मी रडत होते, आणि ती रडत नव्हती.

तिनं मोहाच्या फुलांतला कचरा वेचून बाजूला टाकला.

"मले माहीतच होतं ना ताई," ती म्हणाली. "मी तं मागंच होती."

मी विचारलं, मग बाबांना का नाही सांगितलं.

"काऊन सांगू? तुमच्या घरात बसून तुमच्या बापाले तुमचं सांगू? मी वाट पाह्यली. म्हनलं, ताई आज सांगन, उद्या सांगन. तुम्ही पुन्याले गेल्या त्या दिवशी बी वाटलं, फोन करून सांगन. मग नाई पाह्यली वाट."

आवाज चढला नव्हता तिचा. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं ते झालं. वाटेत येताना मी तेच वाक्य तिच्या तोंडी घालून पाहिलं होतं. ती तसं म्हणाली नाही. मी तिला घरी परत चला म्हणाले. काम नको, नुसतं राहा, म्हणाले. ती नाही म्हणाली, आणि पुन्हा विचारावं असा तो नकार नव्हता.

मग बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुठं पुरलं त्याले?"

मला बाबांनी जेवढं सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. केळझरच्या अलीकडे, नानाजींच्या शेतात, धुऱ्यावर. मी म्हणाले, गाडी आहे, आत्ता जाऊ. तिनं मान हलवली. गाडीत ती बसणार नव्हती. उद्या बसनं जाईन, म्हणाली, आणि मी येऊ का विचारल्यावर म्हणाली, बस सगळ्यांचीच आहे.

मी गाडी वर्ध्याला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकावर तिची वाट पाहिली. आर्वीकडच्या गाडीतून ती उतरली. आम्ही नागपूरच्या बसमध्ये बसलो. ती खिडकीशी, मी तिच्या मागच्या सीटवर. अपघाताच्या जागेशी आल्यावर मी तिला सांगणार होते, पण ती आधीच उठून उभी राहिली होती.

नानाजींनी आम्हाला ओळखलं. त्यांनी धुऱ्यापर्यंत नेलं आणि मग घोटाळले. गेल्या वर्षी तीन मोठे धोंडे ठेवले होते, म्हणाले, पण हिवाळ्यात पाइपलाइनसाठी खणलं तेव्हा मजुरांनी धोंडे हलवले. या बाभळीपासून त्या खांबापर्यंत, यातच कुठंतरी. त्यांना फार वाईट वाटत होतं. पुन्हा पुन्हा सांगत होते की खड्डा चांगला खोल घेतला होता, कंबरभर, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून.

रामबाईनं त्यांना विचारलं, पाय दुमडले होते का त्याचे? नानाजी म्हणाले, दुमडले होते, झोपतो तसे. कोणत्या कुशीवर? त्यांना आठवेना. मग म्हणाले, उजव्या. मला माहीत आहे की त्यांना आठवत नव्हतं. तिलाही कळलं असावं.

ती बाभळीपासून खांबापर्यंत हळूहळू चालत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. ढेकळांवरून अनवाणी, चपला हातात. मला वाटलं ती त्याच्याशी काही बोलेल. ती बोलली नाही. मधेच एका जागी ती बसली आणि तिनं सरळ राहिलेल्या बोटांचा हात मातीवर ठेवला. तीच जागा का, मी विचारलं नाही. ऊन चढत होतं. नानाजी टोपी काढून बाभळीखाली उभे होते. मी तिच्याजवळ जावं की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी गेले नाही.

पाऊण तासानं ती उठली. नानाजींना हात जोडले. रस्त्यावर आलो तेव्हा वर्ध्याकडे जाणारी बस येताना दिसत होती. मी म्हणाले, वर्ध्याला आपल्या घरी थोडं टेका, बाबांना भेटा. ती म्हणाली, एकची बस चुकली की तिकडं मग सायंकाळपर्यंत काही नाई. ती तशीच स्थानकावरून पुढच्या गाडीत बसली.

त्यानंतर मी तिला दोन पत्रं लिहिली, दुर्गेशनं तिला वाचून दाखवावीत म्हणून. उत्तर आलं नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर बाबा स्वतःच गेले, मला न सांगता, बसनं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तळेगावपासून वस्तीपर्यंत पायी चालत. आल्यावर त्यांनी फोन केला. रामबाईनं खाट टाकली, म्हणाले, चहा दिला. ते तिला म्हणाले, रामबाई, मी चुकलो. ती म्हणाली, बाबूजी, चहा गार होऊन राह्यला. मग दोघं बराच वेळ बसले, आसकरन पिल्लू असताना त्यानं आईच्या फोटोचा हार खाल्ला होता त्याबद्दल बोलले, आणि रामबाई थोडी हसली.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का?

बाबा म्हणाले, सगळ्यांचं विचारलं तिनं. शेजारच्यांचं, तुझ्या काकाचं, नागपूरच्या डॉक्टरीणबाईचं.